परदेशी पोरांना आपले घर दाखवू या

नंदुरबार, शहादा, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर या पट्ट्यात असे गाव शोधून सापडणार नाही, की ज्या गावातले एखादे तरी घर सुरतेला नाही. कुणाचा भाऊ पांडेसऱ्याच्या मिलमध्ये, कुणाचा मेव्हणा उधन्याला लूमखात्यावर, कुणाची लेक लिंबायतला दिलेली. ‘तो सुरतेला गेला’ असे म्हटले, की आपल्याकडे ‘तो पोटापाण्याला लागला’ असाच अर्थ घेतात. सुरतेचे आणि आपले नाते असे भाकरीचे आहे.

याच सुरतेत दरवर्षी आणखी एका प्रकारची माणसे बॅगा घेऊन उतरतात. ती कामाला येत नाहीत, शिकायला येतात. आणि ती भुसावळ पॅसेंजरने येत नाहीत, तर काबूल, ढाका, दार-ए-सलाम अशा दूरदूरच्या शहरांतून येतात. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ आणि सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था या सुरतेतल्या दोन मोठ्या संस्थांत ही मुले-मुली दिसतात. विद्यापीठ १९६५ चे, नर्मद कवीचे नाव त्याला २००४ मध्ये मिळाले. तंत्रज्ञान संस्था त्याहून थोडी जुनी, १९६१ ची. पुष्कळ मुले भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या, म्हणजे आयसीसीआरच्या शिष्यवृत्तीवर येतात. मौलाना आझादांच्या पुढाकाराने ही परिषद १९५० मध्ये सुरू झाली.

मी सुरतेत एका महाविद्यालयात शिकवते आणि लिंबायतला राहते. या मुलांशी माझा संबंध आला तो विद्यार्थ्यांच्या निमित्तानेच. तेव्हापासून एक विचार मनात घोळत होता. तो या पानावरून आपल्या वाचकांपुढे, विशेषतः ज्यांचे कुणी ना कुणी सुरतेला आहे त्यांच्यापुढे मांडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये आपल्या देशात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते. त्यांत साधारण २८ टक्के एकट्या नेपाळचे. त्याखालोखाल अफगाणिस्तानचा क्रमांक होता. याउलट आपली मुले पाहा. २०२४ मध्ये परदेशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या तेरा लाखांच्या वर होती. म्हणजे आपण आपली पोरे जगाच्या दारात मोठ्या संख्येने पाठवतो आणि जगाची थोडीशी पोरे आपल्या दारात येतात. आपला पुतण्या जर्मनीला गेला, भाची कॅनडाला गेली, की आपण पहिली चौकशी काय करतो? ‘तिथे कुणी आपलं माणूस आहे का?’ हीच चौकशी काबूलमधली एखादी आई सुरतेबद्दल करत असणार, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही.

कार्यक्रम होतात, पण...

परदेशी विद्यार्थ्यांसाठी कुणी काहीच करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मौलाना आझादांचा जन्मदिवस ११ नोव्हेंबरला असतो. आयसीसीआर तो आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन म्हणून साजरा करते. नवरात्रात परदेशी मुला-मुलींना चनियाचोळी आणि केडियू घालून गरब्याला नेतात. गरब्याला युनेस्कोच्या यादीत डिसेंबर २०२३ मध्ये स्थान मिळाल्यापासून तर त्याला अधिकच भाव आला आहे. उत्तरायणाला पतंग, होळीला रंग, स्वातंत्र्यदिनाला झेंडावंदन. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो, ‘विदेशी विद्यार्थी गरब्याच्या रंगात रंगले’.

हे सगळे चांगलेच आहे. गरबा तर असा, की त्याला भाषा लागत नाही. टाळी आणि पाऊल जमले की झाले. पण फोटो निघाल्यानंतर ही मुले कुठे जातात? आपल्या खोलीवर. दिवाळीच्या सुट्टीत सगळे होस्टेल रिकामे होते, मेस बंद होते, आणि मागे राहतात ती हीच चार-दोन मुले. ताप आला तर डॉक्टर सापडतो, औषधही मिळते. ‘काही खाल्लंस का?’ असे विचारणारे मात्र कुणी नसते.

एका संस्थेतला कार्यक्रम मी पाहिला आहे. मुलांना ‘तुमच्या राष्ट्रीय पोशाखात या’ असा निरोप होता. ती बिचारी हौसेने नटून आली. दोन तास भाषणे झाली, तीही त्यांना न कळणाऱ्या गुजरातीत. मग पाच मिनिटे त्यांना रंगमंचावर उभे केले, फोटो काढले, हातात नाश्त्याचे पाकीट दिले आणि कार्यक्रम संपला. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाने मला इंग्रजीत विचारले, ‘मॅडम, इथले लोक घरी काय खातात?’ तो या शहरात येऊन दीड वर्ष झाले होते आणि एकाही घराचा उंबरठा त्याने ओलांडला नव्हता.

आनंदीबाईंची मावशी

या विषयाचा विचार करताना मला वारंवार आठवते ती आपलीच एक परदेशी विद्यार्थिनी, डॉ. आनंदीबाई जोशी. तिच्या पदवीची कथा आपण शाळेत वाचली आहे. पण ती तिथे टिकली कशी, याची कथा तितकी सांगितली जात नाही.

पत्नीला शिकवण्यासाठी मदत मागणारे गोपाळरावांचे पत्र १८८० मध्ये अमेरिकेतल्या एका मिशनरी नियतकालिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने ते दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसलेली असताना वाचले. ओळख ना देख, पण तिने आनंदीबाईंना पत्र पाठवले. पत्रांतून जिव्हाळा वाढला. अठरा वर्षांची आनंदी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली, तेव्हा तिला उतरवून घ्यायला धक्क्यावर कार्पेंटरबाई हजर होत्या. तिने आधी काही महिने त्यांच्याच घरी काढले. आनंदी त्यांना मावशी म्हणत असे.

आनंदीबाईंचा एक फोटो आपण पाहिला असेल. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात १८८५ साली काढलेला. त्यात तिघी जणी आहेत, लुगड्यातली आनंदी, किमोनोतली जपानची केई ओकामी आणि तिच्या देशाच्या पोशाखातली सीरियाची साबात इस्लामबुली. ‘आपल्या राष्ट्रीय पोशाखात या’ हा प्रकार तेव्हाही होता म्हणायचा! तो फोटो जगभर गाजला, आजही गाजतो. पण थंडीत, आजारपणात, जेवणाच्या हालांत आनंदीला आधार होता तो त्या फोटोचा नव्हे, रोझेलच्या घराचा. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली. २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, पुण्यात तिचे निधन झाले. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पॉकिप्सी इथे स्वतःच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. आजही तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. धर्म वेगळा, वर्ण वेगळा, देश वेगळा. आणि तरी त्या बाईने तिला आपल्या कुळाच्या जागेत जागा दिली. यजमानपण म्हणतात ते याला.

पुण्याचा धडा

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. डॉ. शां. ब. मुजुमदार हे फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टरही होते. एक मुलगी रोज वसतिगृहाच्या एका खिडकीतून आतल्या मुलाला काहीतरी देते, हे त्यांनी आपल्या घरातून पाहिले. त्यांना वाटले, प्रकरण काही वेगळे दिसते. चौकशीला गेले तर निघाले असे, की तो मुलगा मॉरिशसचा. त्याला कावीळ झाली होती, बिछान्यातून उठवत नव्हते, आणि त्याच्याच देशाची ती मुलगी त्याला जेवण आणून देत होती. एवढ्या मोठ्या शहरात त्या मुलाला घास भरवायला दुसरे कुणी नव्हते.

ही गोष्ट मुजुमदारांच्या मनाला लागली. भारतीय आणि परदेशी विद्यार्थ्यांनी एकमेकांना ओळखावे, एकत्र यावे म्हणून त्यांनी १९७१ मध्ये संस्था काढली आणि तिला आपल्याच विषयातला शब्द नाव म्हणून दिला, ‘सिम्बायोसिस’, म्हणजे सहजीवन. दोन वेगवेगळ्या जातींच्या सजीवांनी एकमेकांच्या आधाराने जगणे. आज ते नाव ऐकले की आपल्याला मोठमोठ्या इमारती, प्रवेश परीक्षा आणि फी आठवते. पण सगळ्याच्या मुळाशी काविळीने आजारी असलेले परक्या देशातले एक पोर आणि एक जेवणाचा डबा आहे.

सुरतेची रजिया

आता सुरतेकडे येऊ. मार्च २०२३ मध्ये वीर नर्मद विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात रजिया मुरादी या अफगाण विद्यार्थिनीला लोकप्रशासन विषयातल्या एम.ए.साठी सुवर्णपदक मिळाले. देशभरातल्या वर्तमानपत्रांत ही बातमी आली. तालिबानने ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल घेतले. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी मुलींना विद्यापीठाची दारे बंद केली. त्यानंतर तीनच महिन्यांत त्या देशाची एक मुलगी आपल्या शेजारच्या विद्यापीठात पहिली आली. हे पदक तिने शिक्षणापासून तोडल्या गेलेल्या आपल्या देशातल्या बायकांना अर्पण केले. आणि तेव्हा तिने आपल्या घरच्यांना जवळजवळ तीन वर्षे पाहिले नव्हते.

तीन वर्षे! आपली लेक सासरी गेली की आपण पंचमीला, आखाजीला तिला आणायला माणूस पाठवतो. आखाजीला माहेरी येता आले नाही तर ती झोक्यावरच्या गाण्यांत आपले दुःख गाते. या मुलींना आखाजी नाही आणि परतीचे माहेरही नाही.

दुसरी बातमी कटू आहे, पण ती टाळून चालणार नाही. १६ मार्च २०२४ च्या रात्री अहमदाबादला गुजरात विद्यापीठाच्या वसतिगृहात, रमजानची नमाज पढणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ला केला. काही मुले जखमी होऊन दवाखान्यात पडली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, अटकाही केल्या. कायदा आपले काम करतो. पण त्या रात्रीनंतर आफ्रिकेतल्या, आशियातल्या कितीतरी आयांनी फोनवर आपल्या लेकरांना ‘घरी परत ये’ म्हटले असेल. ज्याच्या घरी आपण जेवलो आहोत, ज्याच्या आईला आपण व्हिडिओ कॉलवर नमस्कार केला आहे, त्याच्यावर हात उगारणे सोपे नसते. या सगळ्या खटाटोपाचे खरे मोल मला यात दिसते. एका ओळखीने दंगल थांबत नाही हे खरे. पण जिथे ओळखच नाही तिथे अफवा फार लवकर पोहोचते.

लिंबायत कशासाठी?

तुम्ही विचाराल, हे सगळे सुरतेच्या श्रीमंत वस्त्यांना सांगा, लिंबायतला कशाला? लिंबायतला तर दोन खोल्यांत सहा माणसे राहतात. दिवसपाळी-रातपाळीत बिछाना थंड होत नाही. बायका ओट्यावर बसून साड्यांना खडे लावतात, धागे कापतात. पाहुण्याला बसवायचे कुठे?

माझे म्हणणे असे, की परके गाव म्हणजे काय ते लिंबायतला ठाऊक आहे. आपले लोक इथे आले तेव्हा दुकानाच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. शेजारीण काय बोलते ते कळत नव्हते. खोली मागायला गेले तर ‘बाहेरचे’ म्हणून नकार मिळत होता. आज या शहराची महापालिका सात भाषांच्या माध्यमांतून शाळा चालवते, त्यांत मराठी आहे. लिंबायत, डिंडोली, नवागाम, गोडादरा भागात गणपती-कानबाई दणक्यात होतात. पण हे आपोआप झाले नाही. कुणीतरी पहिल्यांदा दार उघडले म्हणून झाले. नव्याने आलेल्याला पहिला महिना काढू देणे, ही लिंबायतची जुनी रीत आहे. तीच रीत थोडी लांबवायची आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी एक जुनी विद्यार्थिनी विद्यापीठात एम.ए. करत होती. श्रावणात ती आपल्या वर्गातल्या टांझानियाच्या मुलीला कानबाईला घेऊन आली. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. आमच्या गल्लीतल्या एका घरी कानबाई बसली होती. चौरंगावर श्रीफळाची कानबाई, नथ, दागिने, फुलांची आरास, आणि घरात रोटांचा खमंग वास. आता पंचाईत अशी, की रोट हे भाऊबंदांपुरते. बाहेरच्याला ते देत नाहीत. ही मुलगी तर दारात उभी. सगळ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

घरातल्या आजीने प्रश्न एका वाक्यात सोडवला. रोट कुळाचा, पुरणपोळी सगळ्यांची. तिने लगेच वेगळी कणीक मळायला लावली. माझ्या विद्यार्थिनीने हे सगळे त्या मुलीला समजावून सांगितले तर ती हसून म्हणाली, ‘आमच्याकडेही काही विधी फक्त कुळातल्या माणसांचे असतात. मला वाईट नाही वाटत.’ आपण उगाच घाबरत होतो! आपली रीत मोडावी लागली नाही आणि पाहुणी उपाशीही गेली नाही.

मग आजीने तिला जवळ बसवून अहिराणीत विचारले, ‘तुनं नाव काय शे? तुनी माय कोठे शे?’ भाषांतर झाले. मुलीने फोन काढला आणि समुद्रापलीकडे आईला लावला. आईने स्वाहिलीत काहीतरी म्हटले, आजीने अहिराणीत काहीतरी म्हटले, दोघीही एकाच वेळी बोलत होत्या आणि कुणालाच काही कळत नव्हते. पण आजीने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून फोनकडे पाहिले, तेव्हा तिकडची बाई बोलायची थांबली आणि पदराने, म्हणजे त्यांच्या अंगावरच्या कापडाने, डोळे पुसू लागली. गल्लीतल्या पोरींनी त्या मुलीला फुगड्या शिकवल्या. रात्री तिला होस्टेलवर सोडायला तिघे जण गेले.

त्याच संध्याकाळी आम्हाला आणखी एक शोध लागला. पोळीला ती ‘चपाती’ म्हणाली, दुकानाला ‘दुका’, पैशाला ‘पेसा’, मोटारीला ‘गारी’, लाखाला ‘लाकी’ आणि विम्याला ‘बीमा’! हे शब्द शतकानुशतके गलबतांतून हिंदी महासागर ओलांडत तिकडे गेले आहेत. सुरत हे त्याच समुद्रावरचे एकेकाळचे मोठे बंदर. इथूनच हजची गलबते सुटत. तिकडच्या मुलीने सुरतेला यावे यात नवल ते काय? वाट जुनीच आहे.

काय काय दाखवावे?

सहली म्हटल्या की मॉल, सिनेमा आणि डुमसचा किनारा एवढेच आपल्याला सुचते. पण सुरत आणि आसपासचा मुलूख दाखवण्यासारखा आहे, आणि खर्चही फार येत नाही.

तापीकाठचा किल्ला पाहावा. सोळाव्या शतकातला हा किल्ला महापालिकेने दुरुस्त करून संग्रहालयासह खुला केला आहे. सुरत म्हटले की आपल्याला १६६४ आणि १६७० आठवते. परदेशी मुलाला ती कथा सांगताना नुसता अभिमान सांगू नये, तेव्हा हे शहर किती श्रीमंत होते, कोणकोणत्या देशांचे व्यापारी इथे होते तेही सांगावे. मग कतारगामकडची इंग्रज, डच आणि आर्मेनियन माणसांची जुनी कबरस्ताने दाखवावीत. घरापासून हजारो कोस दूर येऊन इथेच मातीत मिळालेली ही माणसे. ‘हॉर्टस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींवरचा महाग्रंथ सिद्ध करवणारे व्हान रीड यांची कबर डच कबरस्तानात आहे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून मोठी सहल कोणती?

एक दिवस बारडोलीचा ठेवावा. १९२८ च्या शेतकरी सत्याग्रहाने वल्लभभाईंना ‘सरदार’ केले. तिथला स्वराज आश्रम पाहता येतो. एक दिवस दांडीचा. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी मीठ उचलले ती जागा, आणि २०१९ मध्ये उभे राहिलेले मीठ सत्याग्रह स्मारक. आफ्रिकेतल्या मुलांना गांधी नवे नसतात. ते तर म्हणतात, ‘तुमचे गांधी आमच्याकडे घडले.’ त्यात खोटे काही नाही. त्यावर छान गप्पा रंगतात.

खाण्याची सहल वेगळी. थंडीत सुरतेला पोंक येतो. कोवळ्या ज्वारीचे भाजलेले हिरवे दाणे, वर लिंबू-मिऱ्याची शेव. आपल्या भाषेत हुरडाच तो! कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी चंदी पडवा, त्या दिवशी सारे सुरत घारी खाते. उत्तरायणाला गच्चीवर उंधियू.

आणि सुरतेतच का अडकावे? नंदुरबार गाडीने तीन-साडेतीन तासांवर. वाटेत उकाईचे धरण. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची जत्रा भरते. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी पाहायला दूरदूरची माणसे येतात. ढोलाचा ठेका आफ्रिकेतल्या मुलाच्या पायाला शिकवावा लागणार नाही. सुट्टीच्या दिवसांत दोन मुलांना आपल्या गावी आणा, मळ्यात न्या, विहिरीवर बसवा, कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ घाला. त्यांच्यापैकी अनेकांची घरे शेतकऱ्यांचीच आहेत. शेत बघून ती बोलकी होतात.

बोलावताना एवढे पाळा

अनुभवातून काही गोष्टी लक्षात आल्या, त्या सांगते.

आधी विचारा, मग चूल पेटवा. कुणाला मांस हलाल लागते, कुणी डुकराचे मांस खात नाही, कुणाचा उपास असतो. शाकाहारी जेवण बहुतेकांना चालते, पण तिखट आपल्या हिशेबाने टाकू नका. आपली शेवभाजी पहिल्याच घासाला पाहुण्याला पळवून लावील! रमजानमध्ये बोलावायचे तर सूर्यास्तानंतर बोलावा आणि खजूर पुढे ठेवा.

रंगावरून, केसांवरून बोलू नका. गल्लीतली पोरे मागे लागतात, केसांना हात लावतात, ‘हबशी’ म्हणून ओरडतात. पाहुणी भाषा जाणत नसली तरी टोन जाणते. हे काम घरातल्या मोठ्यांनी आधीच करून ठेवावे.

फोटो विचारून काढा. विशेषतः अफगाण मुलींचे. त्यांचा फोटो कुठे पोहोचला तर तिकडे घरच्यांना त्रास होऊ शकतो. गरब्याच्या कार्यक्रमांतही संयोजकांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

‘तुमच्या देशात युद्ध आहे ना? तुमच्याकडे गरिबी फार ना?’ ही पहिल्या भेटीची वाक्ये नव्हेत. आई, भावंडे, गाव, खाणे, गाणे इथून सुरुवात करा. दुःखाची गोष्ट ज्याची त्याला सांगावीशी वाटली तर तो सांगेलच.

परीक्षांच्या दिवसांत बोलावू नका, आणि मुलींना होस्टेलच्या वेळेआधी माणूस देऊन पोहोचवा. रात्रीच्या मुक्कामाचा बेत असेल तर आधी विद्यापीठाच्या कार्यालयात विचारा. परदेशी नागरिकाला मुक्कामाला ठेवले तर सरकारला तसे कळवावे लागते. दिवसाच्या जेवणाला अशी अडचण नाही.

आणि शेवटचे, एकदाच बोलावून सोडू नका. वर्षभरात चार वेळा बोलावले तर ते घर होते. एकदाच बोलावले तर तोही एक कार्यक्रमच.

मंडळांनी मनावर घ्यावे

लिंबायत-डिंडोलीत गल्लोगल्ली मंडळे आहेत. गणपतीला लाख-लाखाची वर्गणी जमते. एका मंडळाने वर्षाला फक्त दोन परदेशी विद्यार्थ्यांचे पालकत्व घेतले तरी पुष्कळ होईल. त्याला वर्गणी नको. दोन जबाबदार कुटुंबे, एक फोन नंबर आणि आजारपणात डबा पोहोचवणारा एक मुलगा एवढे पुरे. कुणाला खोली हवी असेल तर घरमालकाशी बोलायला एक वडीलधारा माणूस. महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी विद्यापीठाच्या कार्यालयाशी बोलून नावे जुळवावीत. त्यात आपल्या मुलांचाही फायदा आहे. ज्यांचे इंग्रजी घशाशी अडते त्यांना बोलायला कुणी मिळेल, आणि जग टीव्हीवर दिसते त्याहून वेगळे आहे हेही कळेल.

आमच्या गल्लीतली ती आजी परवा मला विचारत होती, या वर्षी कानबाईला किती पोरी येतील, म्हणजे त्या हिशेबाने डाळ भिजवायला. मी सांगितले, पाच तरी धरा. तुमचे कुणी लिंबायतला असेल तर त्यांच्याही कानावर हे घाला. श्रावण फार लांब नाही.